ओठांवरून अंगठ्याखाली: पिपेटचा मागोवा

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या कुणालाही पिपेट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. मधे फुगलेली, खाली निमुळती होत गेलेली काचेची नळी, आणि वरच्या दांड्यावर कोरलेली एक बारीक रेघ. खालचं टोक ऑक्झॅलिक ॲसिडात बुडवायचं, वरचं ओठांत धरायचं, द्रावण रेघेच्या थोडं वर येईपर्यंत ओढायचं आणि तोंड काढता क्षणी कोरडी तर्जनी टोकावर दाबायची. मग बोट किंचित सैल करत द्रावणाची खालची वक्र कड बरोबर रेघेला टेकवायची. फ्लास्कमध्ये सोडून झालं की टोकाशी जो थेंब अडून राहतो तो फुंकायचा नाही, हे सर बजावून सांगत. तो थेंब मोजमापात आधीच धरलेला असतो. वर्गात एखाद्याच्या तोंडात ॲसिड जायचंच. तो तोंड वेडंवाकडं करत बेसिनकडे पळायचा, चुळा भरायचा आणि बाकीचे हसायचे.

हीच नळी आणि ओढायची हीच लकब शंभरएक वर्षं जगभरच्या जंतूंच्या प्रयोगशाळांत चालू होती. फरक एवढाच की तिथं नळीत टायफॉइडचे, कॉलऱ्याचे जिवंत जंतू असत आणि चूळ भरून भागत नसे. आज जैविक प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवशी जे नियम ऐकवले जातात, त्यांत खायचं-प्यायचं नाही, एप्रन आणि ग्लोव्ह्जशिवाय कामाला हात लावायचा नाही, निघताना हात धुवायचे, यांच्या जोडीला ‘तोंडानं पिपेट करायचं नाही’ हा नियम हटकून असतो. तो ऐकून मुलांना हसू येतं. तोंडानं कोण कशाला करेल? हा प्रश्न त्यांना पडू शकतो, याचं श्रेय नियम लिहिणाऱ्यांना आपण जेवढं देतो तेवढं त्यांचं नाही, असं या नळीचा प्रवास पाहताना मला वाटत आलं आहे.

पिपेटचं मूळ कापड पांढरं करण्याच्या धंद्यात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कापड उन्हात वाळत टाकून शुभ्र करण्याऐवजी क्लोरिनच्या पाण्यात बुडवायला सुरुवात झाली. पाणी कडक झालं तर कापड जळायचं, सौम्य राहिलं तर पिवळटपणा जायचा नाही. त्याची ताकद मोजायची तर नीळ घ्यायची आणि ठरावीक मापाचं पाणी तिचा रंग किती उडवतं ते बघायचं. रूआं शहरातल्या देक्रुआझिय नावाच्या रसायनतज्ज्ञानं त्यासाठी मापाच्या नळ्या वापरात आणल्या. पुढे १८२४ मध्ये गे-ल्युसाकनं निळीच्या द्रावणांवरच्या आपल्या लेखात ब्युरेट आणि पिपेट ही नावं वापरली आणि ती कायमची रुजली. द्रव वर ओढायला पंप हवा, आणि सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत जवळचा पंप म्हणजे माणसाची छाती. सरावलेला माणूस गालांच्या हलक्या हालचालीनं थेंब-थेंब वर घेऊ शकतो. हे कौशल्य होतं आणि कारागिराला असतो तसा त्याचा अभिमानही होता.

शिवाय रसायनशास्त्रात चुकीची शिक्षा जागच्या जागी मिळते. ॲसिड जिभेला लागलं की लगेच समजतं आणि माणूस पुढच्या वेळी जपून ओढतो. जंतूंचं तसं नाही. टायफॉइडचे जंतू पोटात गेल्यावर ताप यायला आठवडा, दोन आठवडे, कधी तीनही जातात. तोवर त्या दिवशी काय ओढलं, कितपत वर आलं, ओठाला काय लागलं, हे आठवणारं कुणी नसतं. रसायनशाळेत ठीक चाललेली सवय जंतूंच्या प्रयोगशाळेत तशीच्या तशी आली, आणि ती सुधारण्यासाठी लागणारा चटका मात्र मागे राहिला.

ती आणणारे रसायनशास्त्रज्ञच होते. लुई पाश्चर मुळात स्फटिकांचा अभ्यासक. आजही प्रयोगशाळेत टोक ओढून बारीक केलेल्या काचेच्या साध्या नळीला पाश्चर पिपेटच म्हणतात. त्याच्या जावयानं लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. पिसाळलेला एक बुलडॉग दोरांनी टेबलावर जखडलेला, तोंडाला फेस आलेला. पाश्चर ओठांत काचेची नळी धरून त्या जबड्यावर वाकतो आणि लाळेचे थेंब ओढून घेतो. चरित्रकारानं हे शौर्य म्हणून लिहिलं आणि वाचणाऱ्या पिढ्यांनी शौर्य म्हणूनच वाचलं. आज कुठल्याही संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे हा प्रसंग गेला तर काम त्याच दिवशी बंद पडेल. त्या काळी संरक्षक साधन म्हणावं असं काही असेल तर तो नळीच्या वरच्या तोंडात कोंबलेला कापसाचा बोळा. तोही मुळात माणसासाठी नव्हता. हवेतले जंतू आत जाऊन कल्चर बिघडू नये म्हणून तो होता. माणसाचा बचाव झाला तर तो ओघानं.

१८८४ मध्ये कॉखच्या सहकाऱ्यानं, गेओर्ग गाफ्कीनं, टायफॉइडचे जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवले. म्हणजे एका चमचाभर पाण्यात एरवी गावभर विखुरलेला रोग एकवटून ठेवता येऊ लागला. पुढच्या काही वर्षांतच प्रयोगशाळेत टायफॉइड झाल्याच्या नोंदी दिसू लागतात. १८९३ मध्ये एका डॉक्टरनं पिपेटनं टायफॉइडचं कल्चर ओढताना ते चुकून तोंडात घेतलं. पिपेटमुळे प्रयोगशाळेत लागण झाल्याची ही पहिली नोंद मानली जाते. १९१५ मध्ये कार्ल किसकाल्ट या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञानं प्रयोगशाळांतल्या टायफॉइडच्या लागणी एकत्र करून छापल्या, आणि त्यांच्या कारणांत तोंडानं ओढलेली पिपेट ठळकपणे होती. थोडक्यात, विसावं शतक पुरतं सुरू होईपर्यंत धोका माहीत झाला होता, छापून आला होता, कारणासकट. तरी त्यापुढची पन्नास वर्षं माणसं ओढतच राहिली.

यामागे नुसता हट्ट नव्हता. त्या काळी प्रयोगशाळेतल्या अपघाताकडे पाहण्याची नजरच वेगळी होती. तिचं उदाहरण मुंबईशी जोडलेलं आहे. पिपेटचा त्यात हात असल्याचं कुणी म्हटलेलं नाही, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला आणि मूळच्या गोव्यातल्या आर्पोऱ्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस बनवायला घेतली, तेही. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवताना तो पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडायचा. त्या तुपाला धरून जंतूंच्या बारीक लोंब्या खाली लटकत वाढायच्या. अधूनमधून फ्लास्क हलवला की त्या तुटून तळाशी जात आणि वर नव्या धरत. जिवंत प्लेग असा फ्लास्कांनी वाढत असताना भिस्त सारी ज्योतीवर, कापसावर, कार्बोलिकवर आणि हाताच्या सवयीवर. त्याच साथीत १८९७ मध्ये युरोपातून वैज्ञानिकांची पथकं मुंबईत उतरली. ऑस्ट्रियाच्या पथकात हेर्मान फ्रान्झ म्युलर नावाचा तरुण डॉक्टर होता. रुग्णांच्या खाटांपाशी बसून त्यानं रोगाचा बारकाईनं अभ्यास केला. परतताना पथकानं मुंबईच्या प्लेगचे जंतू व्हिएन्नाला नेले.

पुढच्या वर्षी, १८९८ च्या ऑक्टोबरात, व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत प्रयोगाच्या प्राण्यांची देखभाल करणारा नोकर फ्रान्झ बारिश आजारी पडला आणि १८ ऑक्टोबरला गेला. त्याच्यावर उपचार करणारा म्युलर २३ तारखेला गेला. मुंबईच्या साथीतून तो सुखरूप घरी आला होता. महिनाअखेरीस शुश्रूषा करणारी परिचारिका अल्बिने पेखा गेली. शहरात घबराट उडाली. प्रयोगशाळेत असले जंतू पाळावेत का, यावर वादळ उठलं. म्युलर हुतात्मा ठरला, आणि ते योग्यच होतं. बारिशबद्दल मात्र असं लिहिलं गेलं की तो पिणारा होता, निष्काळजी होता, सांगितलेली पथ्यं पाळत नव्हता.

खरंही असेल. पण प्लेगनं भरलेल्या पिंजऱ्यांची साफसफाई ज्याच्याकडे, त्याच्या हातात काय दिलं होतं, पिंजऱ्याची रचना कशी होती, मेलेला उंदीर उचलायचा तो कशानं, हे प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिले. अपघात म्हणजे माणसाची चूक, आणि त्यावर उपाय म्हणजे आणखी जपून काम करणारा माणूस, ही समजूत पुढे कितीतरी दशकं टिकली. कापसाच्या बोळ्यासह जपून ओढणारा तो कुशल, आणि ज्याच्या तोंडात गेलं तो धांदरट. पिपेट त्यामुळेच सुटली. तिच्यावर खटला कधी चाललाच नाही, नेहमी ओठांवर चालला.

आपल्याकडे या पिपेटची एक धाकटी बहीण होती. पॅथॉलॉजीत जुन्या काळी काम केलेल्या माणसांना ती लगेच आठवेल. रक्तपेशी मोजायची थोमाची पिपेट. केसासारखी बारीक नळी, मधे छोटा फुगवटा, आणि त्या फुगवट्यात काचेचा एक मणी. लाल मणी असेल तर तांबड्या पेशींची, पांढरा असेल तर पांढऱ्या पेशींची. वरच्या टोकाला रबराची नळी आणि तिच्या शेवटी तोंडात धरायची लहानशी चिमणी. बोटाला टोचून आलेलं रक्त ०.५ च्या रेघेपर्यंत ओढायचं, पुसायचं, मग द्रावण १०१ पर्यंत ओढायचं आणि पिपेट आडवी धरून मणी खुळखुळवत मिसळायचं. पांढऱ्या मण्याच्या पिपेटीत रेघ ११ ची. हिमोग्लोबिन बघायची साहलीची नळीही अशीच तोंडानं ओढायची. वैद्यकीय महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षात शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुलं ही अशीच वापरत आली. एकच रबरी नळी बाकावरच्या चार जणांच्या तोंडातून फिरायची. पुढे कावीळ ब आणि एचआयव्ही ही नावं आली तेव्हा रक्ताकडे बघायची नजर बदलली. पण तोवर तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये दिवसाकाठी कितीतरी माणसांचं रक्त एकाच तंत्रज्ञाच्या ओठांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबत असे, आणि ते तिथं थांबवणं हीच त्याच्या हाताची सफाई समजली जात असे.

नजर बदलायला सुरुवात झाली ती एका नकोशा ठिकाणी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकेनं मेरीलँडमधल्या कॅम्प डेट्रिकला जैविक अस्त्रांचं संशोधन सुरू केलं. आजच्या जैवसुरक्षेतलं बरंच काही रोग पसरवण्याच्या त्या उद्योगातून आलं, हे सांगताना मला नेहमी अवघडल्यासारखं होतं. तिथं जंतू एवढ्या प्रमाणात आणि एवढे घातक होते की जपून काम करा असं सांगून भागेना. सुरक्षेचं काम आर्नल्ड वेडमकडे होतं. त्यानं प्रत्येक लागणीची चौकशी केली, आणि ‘कोण चुकलं’ याच्याऐवजी ‘कुठल्या हालचालीत काय उडालं’ हा प्रश्न धरला. प्रयोगशाळेतल्या रोजच्या हालचालींची वेगवान छायाचित्रं त्याच दशकात घेतली जाऊ लागली होती. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकला की टोकाशी बुडबुडा धरतो, फुटतो आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत जातात. तापलेली तार कल्चरमध्ये बुडवली की तडतडून तेच होतं. टेबलावर पडलेला थेंबही पडताना फुटतो. बारावीच्या वर्गात मोजमापासाठी मना केलेली फुंकर इथं वेगळ्याच कारणासाठी गुन्हेगार ठरली.

बाहेरच्या जगातले आकडेही हेच सांगत होते. सल्किन आणि पाइक यांनी अमेरिकेतल्या सुमारे पाच हजार प्रयोगशाळांना पत्रं पाठवून १९५१ मध्ये १३४२ लागणींची यादी छापली. पाइकनं ती वाढवत नेली आणि १९७६ पर्यंत जगभरच्या ३९२१ नोंदी झाल्या. त्यांतल्या पाचातल्या एकापेक्षाही कमी लागणींच्या मागे काही आठवण्यासारखा अपघात होता. बाकीच्यांना काय झालं तेच कळलं नव्हतं. बहुतेकांनी ते हवेतून घेतलं असावं. आणि जे अपघात आठवत होते, त्यांतही तोंडानं ओढलेली पिपेट साधारण आठात एक. लक्षात घ्या, हे १९७६.

हवेतल्या कणांवर उपाय म्हणून जी पेटी आली तिची वंशावळ वेगळीच आहे. १९०९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मलफर्ड या औषधकंपनीनं ट्युबरक्युलिन बनवताना कामगारांना क्षय होऊ नये म्हणून हवा ओढून घेणारं कपाट केलं होतं. डेट्रिकला त्याची पोलादी, हवाबंद, भिंतीतच ग्लोव्ह्ज बसवलेली भावंडं तयार झाली. अणुबाँबच्या कारखान्यांतून आलेली हेपा गाळणी आणि साठच्या दशकात आलेला एकाच दिशेनं वाहणारा हवेचा पडदा यांतून आजची बायोसेफ्टी कॅबिनेट उभी राहिली. आपल्याकडची मुलं तिला सरळ ‘हूड’ म्हणतात. तिचा प्रवास सरळ आहे. धोका दिसला, पेटी केली, पेटी सुधारली.

पिपेटचं तसं झालं नाही. १९५० मध्ये वेडमनं तोंड न लावता वापरायच्या पिपेट-साधनांवर एक लेखच लिहिला. साधनं होती. रबराचे फुगे होते, पिचकाऱ्या होत्या. तीन झडपांचा तो लालसर रबरी फुगा आपल्याही कॉलेजांच्या कपाटांत सापडतो. एक झडप दाबून हवा काढायची, दुसरी दाबून द्रव वर घ्यायचा, तिसरी दाबून सोडायचा. बोटं चुकीच्या झडपेवर पडली की द्रव थेट फुग्यात. एक नमुना घ्यायला तोंडानं तीन सेकंद लागायचे तिथं फुग्यानं वीस. शंभर नमुने असतील तर संध्याकाळ व्हायची. मग साहेब समोर असेपर्यंत फुगा, आणि पाठ वळली की ओठ. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हेच. धोका सगळ्यांना तोंडपाठ होता. पण काम उरकायचं असतं, आणि उरकण्याच्या आड येणारं संरक्षण माणूस फार दिवस वापरत नाही.

मग हा माणूस येतो. हाइनरिश श्निटगर, मारबुर्ग विद्यापीठात, १९५७. टेओडोर ब्युखर यांच्या शरीर-रसायनशास्त्राच्या विभागात तो काम करायचा. काम असं की पेशींतली रसायनं एका नळकांड्यातून थेंबाथेंबानं वेगळी करायची आणि प्रत्येक नमुन्यातून मिलिलिटरचा बारीकसा अंश घेऊन तपासायचा. एका प्रयोगात असे नमुने ढिगांनी. प्रत्येक वेळी केसासारख्या नळीत तोंडानं ओढा, रेघेला आणा, सोडा, धुवा, वाळवा. श्निटगरला याचा मनापासून कंटाळा आला. तो काही दिवस प्रयोगशाळेत फिरकलाच नाही. परत आला तो हातात एक वस्तू घेऊन.

इंजेक्शनची लहान सिरिंज घेऊन तिच्या दट्ट्याला त्यानं स्प्रिंग बसवली होती. दट्ट्या एका ठरावीक अंतरापर्यंतच वर येई, म्हणजे माप आपोआप बांधलं गेलं. सुईच्या जागी प्लॅस्टिकची काढता-घालता येणारी टिप. द्रव टिपमध्येच राहायचा, दट्ट्याला शिवायचाच नाही. मधे हवेची गादी. त्यामुळे आतून काही धुवायला नको. टिप बदलली की पिपेट पुन्हा कोरी. आणखी एक स्प्रिंग अशी की अंगठा आणखी थोडा दाबला की अडलेला शेवटचा थेंब हवेच्या झोतानं बाहेर पडे. फुंकर आता माणसाच्या छातीतून निघत नव्हती. ब्युखरनं ती वस्तू पाहिली, तिचं मोल ओळखलं आणि विभागाच्या वर्कशॉपला तशा बनवायला लावल्या. श्निटगरनं त्याच वर्षी पेटंटचा अर्ज केला, १९६१ मध्ये ते मिळालं. हॅम्बुर्गच्या एपेनडॉर्फ भागातल्या कंपनीनं हक्क घेतले आणि उत्पादन सुरू केलं.

श्निटगरला जंतूंची भीती वाटत होती म्हणून हे घडलं नाही. तरुणपणी त्याला क्षय झाला होता, तेव्हा आजारपण काय असतं हे त्याला चांगलंच माहीत होतं. पण त्याचा राग होता वेळखाऊपणावर. नळीत टायफॉइड नव्हता, साधी रसायनं होती. १८९३ पासून छापून आलेल्या सगळ्या इशाऱ्यांना जे जमलं नव्हतं ते एका वैतागलेल्या माणसाच्या सोयीनं करून टाकलं. अंगठ्यानं काम तोंडापेक्षा लवकर, नेमकं आणि कमी कटकटीचं होऊ लागलं, तेव्हा ओठ आपसूक बाजूला झाले. त्याला मात्र याचा पसारा बघायला मिळाला नाही. १९६४ मध्ये बव्हेरियातल्या एका तळ्यात पोहताना तो बुडून गेला.

तीन वर्षांनी त्याच मारबुर्ग गावाचं नाव जगाच्या कानावर वेगळ्या कारणानं पडलं. १९६७ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या बेरिंगवेर्के या लसकंपनीतले कामगार तापानं आणि रक्तस्रावानं आजारी पडू लागले. फ्रँकफुर्ट आणि बेलग्रेडलाही तेच. लशीसाठी लागणाऱ्या पेशी मिळवायला युगांडातून आणलेल्या माकडांचं रक्त, अवयव, पेशी हाताळणारी ही माणसं. एकूण ३१ जणांना लागण झाली, ७ जण गेले. विषाणूला गावाचंच नाव मिळालं. त्याच सुमाराला डाऊ केमिकलचा चार्ल्स बाल्डविन जैविक धोक्याचं चिन्ह शोधत होता. तोवर अमेरिकेचं लष्कर उलटा निळा त्रिकोण वापरायचं, नौदल गुलाबी आयत, म्हणजे ज्याची त्याची खूण. लोकांच्या लक्षात राहील पण आधीपासून ज्याचा काही अर्थ लागत नसेल असं चिन्ह त्यानं माणसांवर चाचण्या घेऊन निवडलं. भडक नारिंगी रंगातली ती तीन कड्यांची खूण आज इस्पितळाच्या कचऱ्याच्या पिशवीवरही दिसते. मग नियमावल्यांचा काळ आला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची जनुकीय संशोधनासाठीची मार्गदर्शक तत्त्वं, १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची प्रयोगशाळा-सुरक्षेची पुस्तिका, १९९० मध्ये आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाचे नियम. पातळी एक ते चार, कुठं काय घालायचं, हवा कुठून कुठं जायची, सगळं बांधलं गेलं. तोंडानं पिपेट करण्याला बंदी त्यांत आहेच. पण बंदी लिहिणाऱ्यांच्या टेबलावर तोवर मायक्रोपिपेट येऊन पडली होती. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या वॉरन गिल्सन आणि हेन्री लार्डी यांनी माप फिरवून बदलता येणारी पिपेट काढली, आणि प्रत्येक मापाला वेगळी पिपेट घ्यायची गरज संपली.

आपल्याकडे ती उशिरा आणि महाग पोचली. पुण्यात १९५२ मध्ये सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात मरणाऱ्या माकडांमागचा विषाणू शोधला. दोडामार्ग-सावंतवाडीकडे अलीकडे ज्याला माकडताप म्हणतात तो हाच. या विषाणूवर काम करणाऱ्यांना प्रयोगशाळेतच लागण झाल्याच्या नोंदी आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्याच संस्थेच्या पाषाणच्या आवारात २०१२ च्या अखेरीस चौथ्या पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली. या दोन टोकांच्या मधल्या काळात विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत मायक्रोपिपेट कुलपात असायची. टिपा एकदा वापरून टाकायच्या, असं कंपनी सांगायची. आपण त्या धुवायचो, ऑटोक्लेव्ह करायचो, आणि पीएचडीला नवं आलेलं पोरगं दुपारभर बसून एकेक टिप डब्यात खोचायचं. टिप बॉक्स भरणं ही संशोधनाची पहिली दीक्षा होती. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, पण तोंडानं ओढण्यापेक्षा हजारपटीनं बरं होतं.

आता अंगठ्याची तक्रार सुरू झाली आहे. दिवसाला हजारो वेळा दट्ट्या दाबणाऱ्यांचा अंगठा आणि मनगट दुखतं, म्हणून हलक्या स्प्रिंगच्या आणि बॅटरीच्या पिपेट निघाल्या. आणि कापसाचा बोळा परतला आहे. पीसीआरसाठी वापरायच्या टिपांत वरच्या बाजूला एक बारीक पांढरी गाळणी असते. द्रवाचे कण पिपेटच्या पोटात जाऊ नयेत, आणि आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात उतरू नये म्हणून. कोविडच्या चाचण्या २०२० मध्ये दिवसाला लाखांनी होऊ लागल्या तेव्हा जगभर तुटवडा पडला तो याच फिल्टर टिपांचा. पाश्चरच्या काळात बोळा कल्चर राखण्यासाठी होता, आजही तो मुख्यतः नमुनाच राखतो.

तोंड पुरतं हटलं असं मात्र नाही. उंदराचे भ्रूण हाताळणारे काही संशोधक अजून तोंडात रबरी नळी धरतात, कारण एवढ्या नाजूक गोळ्याला वर उचलायला लागणारी ओढ ओठांइतकी कशालाच जमत नाही असं ते म्हणतात. आणि आपल्या जिल्हा हिवताप कार्यालयांतले कीटक समाहारक सकाळी बॅटरी घेऊन गोठ्यांत आणि घरांत शिरतात, भिंतीवर बसलेला डास काचेच्या नळीच्या तोंडाशी आणतात आणि रबरी नळीतून हलकेच श्वास आत ओढतात. मधे जाळीचा तुकडा असतो, डास तिथं अडतो. धूळ, डासाचे खवले, भिंतीवर फवारलेल्या औषधाचे कण मात्र जाळीतून पुढे येतात. बॅटरीवर चालणारे पंखे आहेत, पण ते जड असतात आणि तासाभरात किती डास धरले यावर ज्याचं काम मोजलं जातं त्याला नळीच बरी वाटते. हेपा गाळणी बसवलेल्या तोंडाच्या नळ्याही बाजारात मिळतात. वजनाला त्या साध्या नळीइतक्याच असतात आणि डास पकडायची पद्धतही तीच राहते.